निफाडच्या थंडीत खुडूक कोंबडी बसवताना

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांखाली उतरतो आणि पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. या दिवसांत खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी बसवून पिल्लं काढू नयेत, असं आमच्याकडे बहुतेक जण सांगतात. मी मुद्दाम काढते. डिसेंबरची पिल्लं उन्हाचा तडाखा सुरू होईपर्यंत अंगाने भरतात, आणि त्यातले कोंबडे आखाडाला बरोबर विक्रीला येतात. आखाडात गावरान कोंबड्याला जो भाव मिळतो तो वर्षभर मिळत नाही.

आधी खुराड्याचं बघा. मोठी कोंबडी पिसं फुगवून थंडीची रात्र आरामात काढते. तिला आजारी पाडते ती ओल आणि खालून अंगावर येणारा गार झोत. लोक थंडीच्या भीतीने खुराडं चहूबाजूंनी प्लास्टिकने बंद करून टाकतात. मग रात्रभराचा श्वास आणि विष्ठेची वाफ आतच कोंडते आणि आठवड्याभरात कोंबड्या घरघरायला लागतात. पहाटे दार उघडून कोंबडीच्या उंचीला बसा आणि श्वास घ्या. नाकाला झिणझिण्या आल्या, डोळे चुरचुरले किंवा पडद्याला आतून पाण्याचे थेंब दिसले, तर हवा कमी पडतेय. मी तिन्ही बाजूंनी गोणपाट लावते, पण वरची वीतभर जागा जाळीची मोकळी ठेवते. झोपायची काठी त्या जाळीच्या खाली असावी, म्हणजे वारा डोक्यावरून निघून जातो. खाली तीन बोटं भाताचं तूस, दोन दिवसांनी खालीवर करायचं. ओलं झालेलं उचलून टाकायचं आणि तिथे थोडा चुना भुरभुरायचा.

संध्याकाळी खुराड्यात जाण्याआधी मूठभर बाजरी किंवा भरडलेला मका द्या. रात्री ते दाणे पचताना अंगात ऊब राहते. सकाळी पाणी कोमट. दिवस अकरा तासांवर आला की अंडी कमी होतात, ते साहजिक आहे. हवं असेल तर पहाटे दोन-तीन तास लहान दिवा लावा. संध्याकाळी नको, कारण दिवा अचानक बंद झाला की कोंबड्यांना अंधारात काठी सापडत नाही.

उबवणीची अंडी दुपारी आणि संध्याकाळी गोळा करायचीच. रात्रभर गारठ्यात राहिलेलं अंडं उबवणीला धरू नका, फ्रीजमधलं तर मुळीच नाही. घरात, धान्याच्या पाटीत निमुळतं टोक खाली करून ठेवा आणि सात दिवसांच्या आत बसवा. एरवी एका कोंबडीखाली बारा-चौदा गावरान अंडी मावतात. थंडीत मी नऊ-दहाच ठेवते, कारण कडेचं अंडं पंखाबाहेर राहिलं की गार पडतं, आणि कोंबडी अंडी फिरवते तसं ते नशीब एकेका अंड्याच्या वाट्याला येतं. वनराजा या सुधारित जातीची अंडी मोठी असतात, ती आणखी कमी. वनराजा, गिरिराजा अशा सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत, त्यामुळे गावरान खुडूकच हाताशी हवी.

पसरट टोपलीत तळाला राख, वर सुका पेंढा आणि थोडा कडुनिंबाचा पाला, म्हणजे उवा-पिसवा होत नाहीत. टोपली थेट फरशीवर ठेवू नका, खाली पोतं किंवा लाकडी फळी हवी. कोंबडी रात्रीच बसवा. दिवसातून एकदा ती खायला उठते, पंधरा-वीस मिनिटांत परतते. कडाक्याच्या दिवसात तिला पहाटे न उठवता ऊन आल्यावर उठू द्या, दाणापाणी जवळच ठेवा.

सातव्या रात्री अंधारात अंड्याखाली बॅटरी धरा. जीव धरलेला असेल तर एक गडद ठिपका आणि त्यापासून फुटलेल्या लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात. नुसता पिवळसर उजेड दिसला तर ते अंडं काढून टाका, ऊब बाकीच्यांना मिळेल. पिल्लू एकविसाव्या दिवशी फुटतं, पण अंडी मधे गारठली असतील तर एखादा दिवस उशीर होतो. कवच सोलायला जाऊ नका. आतल्या शिरांत रक्त असतं, आणि ओलं पिल्लू थंडीत क्षणात आकडतं. पूर्ण सुकेपर्यंत ते आईखालीच राहू दे. पोटात बलक असतो, पहिल्या दिवशी उपाशी मरत नाही.

आईविना पिल्लं आणली असतील तर काम वाढतं. पहिल्या आठवड्यात त्यांना पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची. बल्ब जुना, पिवळा, तापणारा हवा. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट केला तर थंडी वाजतेय. कडेला पळून चोच उघडी ठेवली तर उकडतंय. सगळीकडे पांगून टिपत असली तर जमलं. रात्री वीज जाते हे धरूनच चाला: गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मधे ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने पिल्लं तर जातातच, शेजारी झोपलेल्या माणसाच्याही जिवावर बेततं.

पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान लासोटा या राणीखेत रोगावरच्या लशीचा एक थेंब पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात घाला. राणीखेत घरात शिरली की सगळा कळप नेते. एका कुपीत शंभर-दोनशे मात्रा असतात आणि कालवल्यावर ती दोनेक तासांतच संपवावी लागते. म्हणून आळीतल्या दोन-चार घरांनी एकाच संध्याकाळी पिल्लं एकत्र आणावीत. जनावरांच्या दवाखान्यातून लस बर्फात घालून आणा आणि लस दिल्यावर त्या रात्री पिल्लांना ऊब जरा जास्तच ठेवा.