कॅम्पसवर स्मृती डिस्क गोल्फ कोर्स उभारताय? मग या चुका टाळा

गेलेल्या मित्राच्या किंवा सरांच्या नावाने कॉलेजात काही करायचं म्हटलं की मुंबईत ठरलेली यादी निघते: बाक, पाणपोई, वक्तृत्वाची फिरती ढाल, लायब्ररीतलं एखादं कपाट. गेलेला माणूस संध्याकाळी ग्राउंडवर डिस्क टाकणाऱ्यांतला असेल, तर कुणीतरी डिस्क गोल्फ कोर्सचंही नाव काढतं. कल्पना चांगली आहे, फक्त त्या कोर्सवर खेळलं गेलं पाहिजे. चुका होतात त्या पहिल्या महिन्यातल्या मीटिंगांमध्ये आणि दिसतात त्या दुसऱ्या पावसाळ्यात. तोवर उद्घाटनाला टाळ्या वाजवणारे निम्मे विद्यार्थी पास होऊन गेलेले असतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हिशोब गोल्फचाच. चेंडू आणि काठीऐवजी हाताने टाकायची, फ्रिस्बीसारखी चपटी डिस्क, आणि जमिनीतल्या भोकाऐवजी खांबावर बसवलेली साखळ्यांची बास्केट. टी-पॅडवरून, म्हणजे ठरलेल्या पक्क्या चौथऱ्यावरून पहिला थ्रो, डिस्क पडेल तिथून पुढचा. टी-पॅडपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल, आणि त्यातली मधली मोकळी पट्टी म्हणजे फेअरवे. कमीत कमी थ्रोंमध्ये डिस्क बास्केटमध्ये घालायची.

पाटी आधी, मैदान नंतर

ही सगळ्यात मोठी चूक. समिती बसते आणि पहिल्या तीन मीटिंगा ग्रॅनाइट की संगमरवर, ‘कै.’ लावायचं की नाही, देणगीदारांची नावं कोणत्या क्रमाने, यातच जातात. मैदानावर टेप घेऊन कोणी गेलेलंच नसतं. पाटी कोणत्याही भिंतीवर नंतर लावता येते. एकदा कोबा घातलेला टी-पॅड हलवायचा म्हणजे ब्रेकर आणावा लागतो.

उलट क्रमाने जा. आधी काहीही न पुरता खेळून बघा. डिस्क गोल्फच्या सुरुवातीच्या काळात लोक झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे यांनाच नेम धरून खेळत. तुम्हीही बांबूला रंगीत फडकं बांधा, टी-पॅडच्या जागी चुन्याची रेघ मारा आणि एक अख्खं सत्र तसंच खेळा. त्यात जुलै आलाच पाहिजे. नोव्हेंबरात झकास वाटणारा होल जुलैत तळं असू शकतो, हे मुंबईत वेगळं सांगायला नको. या काळात प्रत्येक बांबू दोन-तीनदा जागा बदलेल. तो बदलायलाच हवा.

अठराचा हट्ट

पूर्ण लांबीच्या कोर्सला होलमागे साधारण एक एकर धरतात. अठरा होल म्हणजे किती जमीन, ते तुम्हीच बघा. पवईची आयआयटी किंवा कलिन्याचं विद्यापीठ संकुल सोडलं, तर मुंबईत एवढी मोकळी जागा असलेले कॅम्पस बोटांवर मोजण्याइतके. दक्षिण मुंबईतल्या जुन्या कॉलेजांत तर इमारतींच्या मधला चौक हेच मैदान. अशा ठिकाणी कोर्सचा विचारही करू नका. एक सराव-बास्केट पुरे.

मधल्या आकाराच्या कॅम्पसवर नऊ आखूड होल, किंवा सरळ सहा. प्रत्येक बास्केटला जवळचा आणि लांबचा असे दोन टी दिले की सहाचे बारा होतात. नवख्यांसाठी पन्नास ते पंचाहत्तर मीटर लांबी भरपूर आहे. ‘आपला कोर्स छोटा दिसेल’ ही भीती फक्त समितीला असते. खेळणाऱ्याला दोन लेक्चरच्या मधल्या वेळात संपणारा कोर्स हवा असतो.

आणखी एक चौकशी कोणी करत नाही. इस्टेट विभागात जाऊन विचारा की या जागेवर पुढे काय होणार आहे. मुंबईत मोकळी जमीन फार दिवस मोकळी राहत नाही. ज्या कोपऱ्यात तुम्ही मोठ्या भावनेने चौथा होल केलात, तिथेच नव्या हॉस्टेलचा नकाशा मंजूर असू शकतो. जी परवानगी मिळेल ती लेखी घ्या, प्राचार्य बदलतात.

सगळ्यात महाग चूक: रस्त्याच्या अंगाला टाकलेला होल

गोल्फ डिस्कला बागेतली फ्रिस्बी समजू नका. साधारण दीडशे ते एकशे ऐंशी ग्रॅम वजन, म्हणजे क्रिकेटच्या सीझन बॉलच्या आसपास, आणि लांब टाकायच्या ड्रायव्हर प्रकारच्या डिस्कची कड बारीक. ती कानशिलावर लागली तर टाके पडतात. आणि आपल्या कॅम्पसवर शिपाई, कॅन्टीनची पोरं, मॉर्निंग वॉकचे आजोबा, गेटमधून शॉर्टकट मारणारे शेजारचे लोक, सगळेच फिरतात. त्यातल्या कोणालाच आपण फेअरवेवर आहोत याची कल्पना नसते.

म्हणून डिस्क चुकते कशी हे आधी समजून घ्या. उजव्या हाताने बॅकहँड टाकलेली डिस्क वेग कमी झाला की शेवटी डावीकडे वळते. बहुतेक खेळाडू असेच टाकतात, त्यामुळे डाव्या अंगाला जागा जास्त सोडायची. पण नवखा माणूस डिस्क हातातून उशिरा सोडतो आणि ती सुरुवातीपासूनच उजवीकडे भरकटते. कॉलेजातले बहुसंख्य खेळाडू नवखेच असणार. तेव्हा उजवीकडे वर्गाच्या काचा किंवा पार्किंग असेल तर तो होल रद्द.

रस्ता ओलांडून थ्रो नको. कुंपणामागे किंवा वळणापलीकडे, जिथे पुढचं दिसत नाही तिथेही नको. बास्केटपासून दहा मीटरचं वर्तुळ पटिंगचं, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायच्या थ्रोचं मानतात; चुकलेला पट त्याच्याही पलीकडे घरंगळतो, म्हणून बास्केटच्या मागेच पायवाट असता कामा नये. पुढचा टी आधीच्या बास्केटजवळ असावा, पण तिच्या माऱ्यात नसावा. जागा अगदीच चिंचोळी असेल तर ड्रायव्हरवर बंदी घाला आणि फक्त पटरवर खेळा. पटर म्हणजे जवळच्या थ्रोची डिस्क; ती हळू उडते, कमी लांब जाते आणि तिची कड बोथट असते. नियम कडक वाटेल, पण तक्रारींमुळे अख्खा कोर्स बंद पडण्यापेक्षा बरा.

दोन बारीक गोष्टी. संध्याकाळी पाच-सहाला खेळ होणार, तर पश्चिमेकडे तोंड करून टाकायचा होल ठेवू नका. डोळ्यांत ऊन आणि समोरचा माणूस दिसत नाही. आणि साखळ्या वाजतात. लायब्ररीच्या खिडकीखाली बास्केट लावलीत तर परीक्षेच्या पहिल्याच आठवड्यात तुमच्याविरुद्ध अर्ज जाईल, आणि तो रास्त असेल.

पाऊस आणि खारी हवा

टी-पॅड साधारण सहा फूट रुंद, बारा फूट लांब असावा. मुंबईत मोह होतो तो पेव्हर ब्लॉकचा. कंत्राटदाराकडे उरलेले असतात, फुकट मिळतात. घेऊ नका. खालची माती वाहून गेली की ब्लॉक डगडगतात, आणि धावत येऊन घोट्यावर गिरकी घेणाऱ्या खेळाडूला डगमगता ब्लॉक म्हणजे मुरगळलेला पाय. काँक्रीटच घाला, पण गुळगुळीत घोटू नका. ओलं असताना खराट्याचे आडवे फराटे ओढा, पाणी जाईल इतका किंचित उतार द्या. सावलीतल्या पॅडवर ऑगस्टपर्यंत शेवाळ धरणारच. तारेच्या ब्रशने घासायला माणूस कोण, हे कोबा घालायच्या आधीच ठरवा.

बास्केटचं तसंच. परदेशी बास्केट महाग पडते म्हणून ग्रिलवाल्याकडून करून घेतात. त्यात गैर काही नाही, चांगला फॅब्रिकेटर नमुना पाहून नीट बनवतो. फसगत होते ती साध्या लोखंडावर ऑइल पेंट मारण्यात. समुद्राच्या हवेत वेल्डिंगच्या सांध्यांपासून गंज चालू होतो आणि साखळ्यांवरचा रंग तर पहिल्या महिन्यातच डिस्क लागून लागून उडतो. वेल्डिंग, भोकं पाडणं सगळं आटोपल्यावर हॉट-डिप गॅल्वनायझिंग करा, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून घ्या. आधी गॅल्वनाइज केलेले पाइप आणून मग वेल्ड केलेत तर सांधे उघडेच राहतात. डिस्क ज्यात पडते त्या खालच्या तबकाची वरची कड जमिनीपासून साधारण ब्याऐंशी सेंटीमीटरवर येऊ द्या. साखळ्यांच्या दोन फेऱ्या हव्यात, एक बाहेरची आणि एक आतली.

खांब थेट काँक्रीटमध्ये पुरू नका. जमिनीत पाइपचा बूड-तुकडा पुरा, त्यात खांब सरकवा आणि कुलूप लावा. म्हणजे वार्षिक क्रीडादिनाला किंवा मांडव घालायचा असला की बास्केट उचलून ठेवता येते. कुलूप नसेल तर भंगारवाला उचलून ठेवेल.

झाडांच्या बाबतीत थोडक्यात. फेअरवेमध्ये येणारी फांदी ‘जराशी’ छाटायलाही महापालिकेची परवानगी लागते. १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा कॉलेजच्या आवारालाही लागू आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढची झाडं हेरिटेज ठरतात. होल झाडाभोवती वळवा, नाहीतरी डिस्क गोल्फची मजा त्यातच आहे. बुंध्याशी काँक्रीट नको. गुलमोहराखाली टी-पॅड नको, वादळी पावसात त्याच्या फांद्या मोडून पडतात.

स्मृती कुठे ठेवायची

आधुनिक डिस्क गोल्फ उभा केला एड हेड्रिकने. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिला कायमस्वरूपी कोर्स आखणारा आणि १९७७ मध्ये साखळ्यांच्या बास्केटचं पेटंट मिळवणारा हा माणूस. २००२ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्याच इच्छेनुसार त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. आपल्याकडे हे कोणाच्या घरी पटेल असं नाही, आणि सुचवूही नका. पण कल्पना लक्षात घ्या: आठवण खेळाच्या वस्तूत ठेवली, बाजूला दगडात नाही.

म्हणून नऊ होलना नऊ पाट्या आणि प्रत्येकीवर फोटो, असं करू नका. बास्केटवर फोटो तर नकोच. खेळाचा उद्देशच तिच्यावर डिस्क मारणं हा आहे. एक दिवस त्या माणसाची आई बघायला येईल आणि तिच्यासमोर पोरं त्या फोटोवर नेम धरत असतील. बास्केटला हार घालण्याची प्रथा पडली की खेळणारे बिचकतात, आणि वर्षभरात तिथे खेळ बंद होऊन पूजा चालू होते. पहिल्या टीजवळ एकच पाटी, त्यावर नाव, खेळाशी असलेलं नातं, बस. तो माणूस कॅन्टीनमागे खेळायचा, तर एक होल कॅन्टीनमागून न्या. त्याच्या वाढदिवसाला छोटी स्पर्धा ठेवा आणि त्या दिवसाच्या डिस्कवर त्याचं नाव छापा. घरच्यांना आराखडा ठरण्याआधी विचारा, निमंत्रणपत्रिका छापल्यावर नाही.

आणि सगळी देणगी बांधकामात संपवू नका. गवत कापणी, जादा साखळ्या, दर उन्हाळ्यात गंज पाहून डागडुजी, यासाठी पैसा वेगळा ठेवा आणि तो जिमखान्याच्या खात्यात ठेवा, एखाद्या बॅचमेटच्या खात्यात नाही. पैसे कमी पडत असतील तर दोन होल कमी करा.

कोर्स चालू झाल्यावर येणाऱ्या अडचणी

डिस्क साखळ्यांना लागून बाहेर पडते? साखळ्या फार ताणलेल्या आहेत किंवा फार जाड आहेत. दोन कड्या वाढवून सैल सोडा.

खांब कलला? बूड-तुकड्याभोवतीचा खड्डा उथळ आहे. मोठा खणून तळाला खडी घाला, पाइपमध्ये पाणी साचू देऊ नका.

टी-पॅडच्या पुढच्या टोकाशी चिखलाचा खड्डा पडतो, कारण थ्रोनंतरचं पाऊल तिथेच पडतं. तिथे खडी दाबून घ्या.

पावसात रान माजतं आणि डिस्क हरवतात. हिरव्या डिस्क वापरू नका. गुलाबी, नारिंगी घ्या आणि मागे मार्करने नाव-नंबर लिहा. गवतात हात घालण्याआधी काठीने चाळवा, साप असतात. तळं किंवा नाला असेल तर बहुतेक गोल्फ डिस्क बुडतात. कोणीही मागोमाग उतरायचं नाही, हा नियम पाटीवर लिहा. पवई तलावात तर मगरी आहेत. झाडावर अडकलेली डिस्क दगड मारून पाडायची नाही, लांब बांबूला आकडी बांधून जिमखान्यात ठेवा.

राहिला क्रिकेटवाल्यांशी तंटा. तो होणारच. मुंबईच्या मैदानांवर एकाच्या मिडविकेटला दुसऱ्याचा पॉइंट उभा असतो आणि कांगा लीग १९४८ पासून भर पावसात चालू आहे, तेव्हा ‘पावसाळ्यात तरी ग्राउंड आमचं’ म्हणून भागणार नाही. त्यांच्या कॅप्टनसोबत बसून वेळापत्रक करा, खेळपट्टीवरून जाणारा एकही होल ठेवू नका, आणि सामन्याच्या दिवशी मैदानाकडेच्या बास्केट स्वतःहून काढून ठेवा.