वडील गेल्यावर त्यांचा इन्कम टॅक्स रिफंड कसा मिळवाल?

घरातलं माणूस गेलं की बँक, विमा, पेन्शन, सातबारा यांच्यामागे सगळे धावतात. इन्कम टॅक्सकडे अडकलेले पैसे मात्र कुणाच्या लक्षातच येत नाहीत. समजा, वडिलांच्या एफडीवर वर्षाला १,२०,००० रुपये व्याज मिळायचं आणि दुसरं उत्पन्न नव्हतं. बँकेने १० टक्क्यांनी १२,००० रुपये टीडीएस (व्याज देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर) कापला. त्यांना कर लागूच होत नसेल, तर हे सगळे पैसे परत मिळायला हवेत. पण रिटर्न भरल्याशिवाय ते कुणी आणून देणार नाही.

आधी मृत्यूचा दाखला आणि वडिलांचं पॅन कार्ड हाताशी ठेवा. तिसरा कागद म्हणजे वारसाचा पुरावा, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. वारस दाखला म्हटलं की आपल्याकडे दिवाणी कोर्ट, वकील, पेपरात नोटीस आणि महिनोन्‌महिने वाट पाहणं आलं. निव्वळ रिफंडसाठी एवढ्या खटाटोपाची गरज नाही. खातं जॉइंट असेल किंवा तुम्ही नॉमिनी असाल, तर बँकेकडून तसं पत्र घ्या. पत्र लेटरहेडवर हवं, त्यावर शिक्का आणि अधिकाऱ्याची सही हवी, आणि मृत्यूच्या वेळी नॉमिनी किंवा जॉइंट खातेदार कोण होतं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. शाखा तोंडी ‘चालेल’ म्हणाली, तरी हा मजकूर पत्रात लिहून घ्या. सरकारने दिलेलं फॅमिली पेन्शनचं प्रमाणपत्र किंवा नोंदणीकृत मृत्युपत्रही चालतं. कागद मराठीत असेल, तर इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर नोटरी करून सोबत जोडा.

आता इन्कम टॅक्सच्या ई-फायलिंग पोर्टलवर वडिलांच्या नव्हे, स्वतःच्या पॅनने लॉगिन करा. ‘ऑथोराइज्ड पार्टनर्स’मध्ये ‘रजिस्टर ॲज रिप्रेझेंटेटिव्ह असेसी’ निवडा, नवी रिक्वेस्ट तयार करा आणि प्रकारात ‘डिसीज्ड (लीगल एअर)’ घ्या. माहिती भरून कागद अपलोड करा. नाव आणि जन्मतारीख पॅनवर आहे तशीच लिहा. मंजुरी मिळाली की तुमच्याच लॉगिनमधून वडिलांच्या पोर्टलवरच्या खात्यात जाता येतं.

तिथे फॉर्म २६एएस आणि एआयएस (उत्पन्नाचं वार्षिक माहितीपत्रक) उघडा. कुठल्या बँकेने किती टीडीएस कापला, ते तिथे दिसेल. रिटर्नमध्ये १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचंच उत्पन्न दाखवा. त्यानंतरचं व्याज वारसाच्या उत्पन्नात धरायचं. आधीच्या वर्षाचं रिटर्न राहिलं असेल तर तेही बघा. पेन्शनर, पगारदार यांची मुदत ३१ जुलै, उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत. भरून झाल्यावर ई-व्हेरिफाय (ऑनलाइन खातरजमा) करायला विसरू नका. ते केलं नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं.

बँक खात्याची एक गोष्ट आधीच सांभाळा. वडिलांचं जॉइंट खातं असेल तर रिफंड येईपर्यंत बंद करू नका. खातं बंद असल्यामुळे रिफंड परत गेलाच, तर बंद न झालेलं खातं पोर्टलवर व्हॅलिडेट (पडताळणी) करून ‘रिफंड रीइश्यू’ची रिक्वेस्ट टाका.

३१ डिसेंबरही उलटून गेला असेल तरी हातपाय गाळू नका. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकानुसार त्यासाठी करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ५ वर्षांची मुदत आहे. उशिराचं कारण म्हणून आजारपण आणि मृत्यू लिहा, आणि हॉस्पिटलचे कागद जोडा.

भावंडं असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. पोर्टलवर नाव एकाचं लागलं, तरी पैसा सगळ्या वारसांचा असतो. नॉमिनी तो फक्त स्वीकारतो. आणि वडिलांचं पॅन सरेंडर करण्याची घाई नको. रिफंड खात्यात जमा झाल्यावरच तो अर्ज करा.