करवंद लावताय? मग या चुका टाळा

मे महिन्यात सिंहगडावर द्रोणातली करवंदं खाल्ली की निम्म्या पुण्याला करवंद लावायची हुक्की येते. सप्टेंबरात त्यांचेच फोन: "रोप पिवळं पडलंय, काय घालू?" काही घालू नका. घातलंय तेच काढा.

बावधनच्या एका सोसायटीत उतारावरची माती दर पावसाळ्यात खाली पार्किंगमध्ये यायची. ती धरून ठेवायला मी मुरमातच खड्डे घेऊन चाळीस रोपं लावून दिली. आठवड्याने माळीदादांनी मायेपोटी प्रत्येक खड्ड्यात घमेलंभर शेणखत ओतलं, भोवती झकास आळी केली आणि भर जुलैत रोज पाइप लावला. ऑगस्टअखेर एक रोप ओढलं तर अलगद हातात आलं. मुळं काळी, बुळबुळीत, साल बोटांना चिकटून सुटत होती. सव्वीस रोपं गेली. वाचली ती चौदा, जिथवर पाइप पोचत नव्हता तिथली. वेताळ टेकडीवरच्या जाळीला कोण पाणी घालतं हो? पहिले दोन उन्हाळे मी आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी देतो, नंतर विसरतो. काळी माती असेल तर मुरूम मिसळून उंचवटा करायचा आणि त्यावर लावायचं.

बी वाळवून डबीत जपून ठेवू नका, ते फार टिकत नाही. फळं खाल्ली त्याच दिवशी मी बिया राखेत चोळतो, धुतो आणि दोन-तीन दिवसांत पिशवीत टोचतो. पहिल्या वर्षी रोप जेमतेम वीतभर होतं. ज्यांना यंदाच कुंपण हवंय त्यांनी तारेचं घ्यावं.

नर्सरीत विचारून घ्या. पांढरी-गुलाबी मोठी फळं धरणारं झाड लोणच्याला उत्तम, पण ते आपल्या टेकडीवरचं नव्हे. मोठ्या पांढऱ्या फुलांचं, गुळगुळीत पानांचं शोभेचं 'करवंद' तर बहुतेक वेळा दक्षिण आफ्रिकेतलं असतं.

दिवाळीनंतरची छाटणी हा माझा दुखरा कोपरा. फुलं फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. हिवाळ्यात शेंडे चापून कुंपण 'लेव्हल' केलंत की उन्हाळ्यात हिरवी भिंत तेवढी उरते. कापायचंच असेल तर फळं संपल्यावर, पावसाच्या तोंडावर. काटे दुबेळक्याचे असतात आणि फांदी तुटली की चीक येतो, तेव्हा जाड हातमोजे घाला. जाळीखालचा पाचोळा झाडून काढू नका. सरडे, मुंगूस तिथेच वावरतात, आणि ओल टिकते ती त्याच्याचमुळे.

त्या चौदा झुडपांना चौथ्या वर्षी फळ धरलं. पोरं करवंद फोडून कोंबडा की कोंबडी बघत होती. आणि सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांची तक्रार आली: बुलबुल सगळी खाऊन टाकतात, जाळी लावू का?

मी त्यांना विचारलं, कोणती, करवंदाची?