पेट्रोलचा काटा बंद पडलाय? नवीन सेंडर आणायच्या आधी हे करा

पेट्रोलचा काटा हलेनासा झाला की कोणालाही विचारा, उत्तर एकच, सेंडर (टाकीतली पेट्रोलची पातळी मोजून काट्याला सिग्नल देणारा भाग) गेला, बदलून टाका. मीपण एकदा बदलला. टाकी उघडली, नवीन सेंडर बसवला, दोन दिवस हाताचा पेट्रोलचा वास जाईना, आणि इग्निशन ऑन करून बघतो तर काटा जिथल्या तिथे झोपलेला. जुना सेंडर ठणठणीत होता हे नंतर कळलं. म्हणून सांगतो, टाकी सगळ्यात शेवटी उघडायची.

आधी फ्यूज बघा. पेट्रोलच्या काट्याबरोबर टेंपरेचरचा काटापण बिघडला असेल तर टाकीकडे जाऊच नका, मीटरला मिळणारा सप्लाय तपासा (जुन्या गाड्यांत या दोघांना मिळून एकच व्होल्टेज रेग्युलेटर असायचा, तो गेला की दोन्ही काटे एकदम वेड्यासारखं दाखवतात).

मग सेंडरचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) शोधा, बऱ्याच गाड्यांत तो मागच्या सीटखालच्या झाकणाखाली सापडतो. वायरिंग डायग्राम बघून सिग्नलची वायर पक्की ओळखा, कारण त्याच कपलरमध्ये पंपाच्याही वायरी असतात, तिथे अंदाजपंचे काम नको. इग्निशन बंद ठेवून कपलर काढा, मग ऑन करा, काटा एका टोकाला जायला हवा. कुठल्या टोकाला ते गाडीवर आहे. काही सेंडर टाकी रिकामी असताना 240 ओहम रेझिस्टन्स आणि भरल्यावर 33 दाखवतात, काही बरोबर उलटे, रिकामी 10 आणि भरलेली 180, त्यामुळे "वायर काढली की काटा खालीच जातो" असं छातीठोकपणे सांगणाऱ्याचं ऐकू नका. आता सिग्नलची वायर 100 ओहमच्या रेझिस्टरमधून अर्थिंगला (गाडीच्या बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला) जोडा. वरच्या दोन्ही पद्धतींत काटा साधारण मध्ये कुठेतरी आला पाहिजे. वायर थेट बॉडीला टेकवणारे खूप आहेत, मी टेकवत नाही. जुने मीटर सावकाश हलतात, अर्धा-एक मिनिट थांबा. नवीन गाडीत सिग्नल आधी कॉम्प्युटरकडे जात असेल तर हा प्रयोग करायचाच नाही, स्कॅनर लावून लेव्हलचं रीडिंग बघायचं.

काटा नीट हलला म्हणजे मीटर आणि सिग्नलची वायर चांगली, गडबड टाकीच्या बाजूला. आणि इथेच सगळे सेंडरवर उडी मारतात. थांबा. सेंडरला दोन बाजू असतात, एक सिग्नलची, दुसरी अर्थिंगची, आणि अर्थिंगकडे कोणी ढुंकून बघत नाही. तिथे गंज चढला की त्याचे ओहम सेंडरच्या ओहममध्ये मिळतात आणि मीटर बिचारं त्या बेरजेवर काटा हलवतं.

मी अर्थिंग तपासलं नव्हतं असं नाही, चुकीचं तपासलं होतं. अर्थिंगची वायर बॉडीला एका स्क्रूने घट्ट बसवलेली, स्क्रूचं डोकं चकचकीत. मी मल्टिमीटरचं एक टोक वायरच्या शेवटाला आणि दुसरं त्याच स्क्रूवर लावलं, शून्य ओहम आले, खूश झालो. गंज होता स्क्रूच्या खाली, स्क्रू आणि पत्र्याच्या मधे, म्हणजे मी नेमकी बिघडलेली जागा सोडून बाकी सगळं मोजलं होतं! शिवाय ओहम मोजताना मल्टिमीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, दोन-चार तारांवर लटकलेली वायरसुद्धा त्याला चांगलीच वाटते.

त्यामुळे ओहम विसरा, व्होल्ट मोजा. कपलर जोडलेला, इग्निशन ऑन, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, लाल टोक सेंडरच्या अर्थिंगच्या पिनला कपलरच्या मागच्या बाजूने, काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, लांब वायर लावावी लागली तरी चालेल पण जवळच्या पत्र्याला नको. पंप आणि सेंडरचं अर्थिंग एकच असेल तर इंजिन चालू ठेवून बघा. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर मी गप्प बसतो, अर्धा व्होल्ट दिसला की चोर सापडला. खात्री करायची तर इग्निशन बंद करून त्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वेगळी वायर जोडा आणि परत ऑन करा, काटा शुद्धीवर आला तर काम झालं. स्क्रू काढा, पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपर मारा, घट्ट करा, वरून ग्रीस.

अर्थिंग चांगलं निघालं तरच टाकी. मोकळ्या हवेत, बॅटरीचं निगेटिव्ह काढून, पेट्रोल कमी असताना, आणि सेंडर टाकीवर धरून ठेवणारी रिंग लोखंडी छिन्नीने ठोकायची नाही, ठिणगी पडते. सेंडरचा दांडा हळूहळू वरखाली करत ओहम बघा, मधेच आकडा गायब झाला तर आतली रेझिस्टन्सची पट्टी झिजलीय. फ्लोट (दांड्याच्या टोकाचा पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडतोय, नवीन फ्लोट मिळत असेल तर अख्खा सेंडर घ्यायची गरज नाही. आणि बाहेर काढलेल्या सेंडरला कपलर जोडून इग्निशन ऑन करायचा मोह आवरा, उघड्या टाकीशेजारी पंप फिरवणं म्हणजे आगीशी खेळ. बंद करताना सील नवीन टाका.