टूरिंग बाइकचा टायर बदलताय? या चुका टाळा

पुण्याहून कोल्हापूर-बेळगाव नेहमी करणाऱ्या एखाद्या बजाज डोमिनार ४०० बाइकचा मागचा टायर हात फिरवून बघा. मधला पट्टा पोळपाटासारखा सपाट आणि कडांची नक्षी जवळजवळ नवी. गाडीचं निम्मं आयुष्य हायवेवर सरळ रेषेत गेलं की असंच होणार. दुखणं जाणवतं ते घाटात. गाडी झोपवायला लागलं की ती सपाट पट्ट्याच्या काठावर क्षणभर अडते आणि मग एकदम कलंडते. हे इतकं हळूहळू वाढत जातं की आपल्याला त्याची सवय होते. मित्राने चावी मागून एक फेरी मारली की तोच येऊन विचारतो, "अरे, काय चालवतोयस हे?"

म्हणून पहिली चूक म्हणजे नक्षी पूर्ण जाईपर्यंत थांबणं. दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिमीपर्यंत चालते असं आपले नियम सांगतात. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, बाजूला 'टीडब्ल्यूआय' (ट्रेड वेअर इंडिकेटर, म्हणजे झिजेची खूण) लिहिलेलं असतं, आणि रबर त्या उंचवट्यांना टेकलं की टायर संपला. पण जुलैत ताम्हिणीत रस्त्यावरून पाण्याचा पाट वाहत असतो, तेव्हा एक मिमीच्या खाचा किती पाणी बाजूला सारणार? मी दोन मिमीला बदलतो, आणि पावसाळ्यापूर्वी बदलतो. दिवाळीत नवा टायर घालणाऱ्यांचं गणित मला कधी कळलेलं नाही.

आता मापाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि मीही तो घातला आहे. डोमिनारच्या मागच्या चाकाचं माप १५०/६० आर १७. दुकानात ते नव्हतं. "१४०/७० बसवा, सगळे तेच बसवतात, स्वस्तही पडेल," असं ऐकून मी बसवून घेतला. बसला, गाडीही चालली. घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. यातला पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिमीमध्ये, आणि दुसरा म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्केवारीत. १५०चे ६० टक्के म्हणजे ९० मिमी आणि १४०चे ७० टक्के म्हणजे ९८ मिमी. वर आणि खाली मिळून चाक १६ मिमीने उंच झालं, म्हणजे अडीच टक्क्यांहून थोडं जास्तच. मागून गाडी आठ मिमी वर उचलली गेली, त्यामुळे हँडल आधीपेक्षा चंचल झालं. मागच्या चाकावरून वेग मोजणाऱ्या गाडीत मीटरही खरा वेग आहे त्यापेक्षा कमी दाखवायला लागतो. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वेगाची तुलना करत असतं, तिथेही हा फरक शिरतो. पैसे वाचले ते जेमतेम हजारभर.

उलटी हौस म्हणजे १६०चा टायर. मागून गाडी 'भरलेली' दिसते, फोटो झकास येतात. पण रिम तीच असते. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. रस्त्याला टेकणारं रबर वाढत नाही, उलट सरळ चालताना कमी होऊ शकतं. शिवाय चेनच्या बाजूला किती जागा उरते ते बसवल्यावर बघा, म्हणजे चेहरा उतरतो.

मापानंतर येणारा आकडा आणि अक्षर तर फारसं कुणी वाचतच नाही. '६६एच' मधला ६६ हा भाराचा क्रमांक, म्हणजे तो टायर ३०० किलो उचलू शकतो. ६३ असेल तर २७२ किलो, ५४ असेल तर २१२. एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत, एस म्हणजे १८०, डब्ल्यू म्हणजे २७०. आता बेरीज करा. गाडी साधारण १९० किलो, तुम्ही ८०, मागे बायको ६०, दोन सॅडलबॅग आणि टॉपबॉक्स मिळून २५. साडेतीनशेच्या वर गेलात, आणि यातला मोठा वाटा मागच्या चाकावर. त्यात मे महिन्यात नागपूरचा रस्ता आणि हवा चार पीएसआय कमी. माप जुळलं तरी भाराचा क्रमांक मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका. वेगाच्या अक्षरावर मात्र जास्तीचे पैसे उधळू नका. डब्ल्यूवाला टायर डोमिनारला २७० पळवणार नाही.

रेडियल की साधा, हाही प्रश्न नेहमी येतो. मापात 'आर' असेल तर रेडियल, नुसती आडवी रेघ असेल तर बायस. दोघांची बाजूची भिंत वेगळ्या पद्धतीने लवते. पुढे रेडियल आणि मागे बायस अशी खिचडी केली की लांब वळणात गाडी वेलांटीसारखी डुलते. कंपनीने स्वतः तशी जोडी दिली असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर मूळ जोडी रेडियल असेल तर रेडियलच घ्या.

मग प्रकार. 'सगळ्यात जास्त ग्रिपवाला कुठला?' हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे. मऊ स्पोर्ट टायर कोरड्या रस्त्यावर आणि गरम झाल्यावर अप्रतिम चिकटतो, पण हायवेवर त्याचा मधला पट्टा लवकर उडतो. मिशलिन रोड, पिरेली एंजल जीटी, मेट्झेलर रोडटेक ही मंडळी स्पोर्ट-टूरिंगसाठीच बनवलेली. या वर्गात बहुतेक ठिकाणी मागच्या टायरच्या मध्यभागी कठीण रबर आणि कडांना मऊ रबर असतं. पाणी बाहेर काढणाऱ्या खाचाही विचार करून दिलेल्या असतात. महिन्यातून दोनदा लांबचा प्रवास आणि चार महिने पावसात चालवणाऱ्याला हाच वर्ग. मात्र तुमच्या गाडीचं माप त्यात मिळतं का ते आधी विचारा, कारण या कंपन्यांचा जीव १६०, १८०मध्ये रमतो. नाही मिळालं तर देशी रेडियल घ्या. चुकीच्या मापाचा परदेशी टायर घेण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून बाहेरून येणारा प्रत्येक माल परवान्यावर आला. अशा बाजारात जुना साठा मोठ्या प्रेमाने विकला जातो. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. '२३२४' म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. आयएसआय चिन्हही तिथेच शोधा. सहा-सात महिन्यांचा टायर खुशाल घ्या. तीन वर्षं दुकानात उन्हाला टांगलेला 'नवा' टायर सवलतीत मिळत असेल तरी हात जोडा.

टायर घेतला, बसवला, आणि गाडी विचित्र वागतेय. बहुतेक जण इथे टायरला शिव्या घालतात. थांबा, आधी हे बघा.

गाडी एका बाजूला ओढते? मागचं चाक तिरकं बसलंय. चेन ताणताना स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्यात का ते तपासा.

ठरावीक वेगाला हँडल थरथरतं? बॅलन्सिंग केलेलं नाही, किंवा टायर रिमच्या कडेवर नीट बसलेला नाही. कडेजवळ टायरवर एक बारीक गोल रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. कुठे आत शिरलेली दिसली तर हवा सोडून, साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवायला सांगा. पुढचा टायर जुनाच ठेवला असेल तर त्यावर तळहात फिरवा. लाटा लागल्या तर थरथर तिथलीच आहे, नव्या टायरची नाही.

एबीएसचा दिवा विझत नाही? चाक काढताना सेन्सरची वायर ओढली गेलीय किंवा सेन्सर ज्यावरून वेग मोजतो ती चाकावरची कडी वाकलीय. लगेच परत न्या.

दोन दिवसांत हवा उतरते? जुना व्हॉल्व्ह तसाच ठेवलाय. टायरबरोबर तो बदलायचाच असतो, आणि किंमत किरकोळ असते. बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे का, हेही दुकानातच बघा. घरी आल्यावर दिसलं तर सगळी उस्तवार पुन्हा.

हवा भरायची ती गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, आणि टायर गार असताना. पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेला असतो, म्हणून तिथला आकडा फसवा. हवा मोजायचा शंभर-सव्वाशे रुपयांचा पेन गेज टूलकिटमध्ये टाका.

आणि एक गोष्ट दुकानाच्या दारातच करा. चाक काढून लावलं की डिस्कब्रेकचे पॅड मागे ढकलले गेलेले असतात. गाडी हलवण्याआधी दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबून घट्ट लागेपर्यंत थांबा. मी एकदा न दाबता निघालो होतो आणि पहिल्या चौकात लिव्हर थेट हँडलला टेकली. नव्या रबरावर गुळगुळीत थर असतो, म्हणून पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी झोपवू नका, कचकन ब्रेकही लावू नका. बाहेर पाऊस सुरू असेल तर दुकानातल्या बाकावर बसा, चहा मागवा, थांबू द्या त्याला.