चॅपेल हिलची फुकट बस, पण शनिवार-रविवार सांभाळा

नॉर्थ कॅरोलिनात चॅपेल हिलला नवीन आला असाल तर आधी हे ऐका, इथल्या लोकल बसला 2002 पासून तिकीटच नाहीये, पास नाही, कार्ड नाही, सरळ चढायचं आणि बसायचं, त्यामुळे भारतातून आईबाबा आले की त्यांनाही बिनधास्त पाठवता येतं. फक्त वीकेंडचं टाइमटेबल वेगळं असतं, बरेच रूट बंद असतात, ते आदल्या रात्रीच बघून ठेवा. स्टॉपवर पाच मिनिटं आधी जाऊन पाटीजवळच उभं राहा, लांब झाडाखाली नको, ड्रायव्हरला दिसलं पाहिजे. उतरायच्या आधी खिडकीजवळची पिवळी दोरी ओढायची, आईला हे दोनदा करून दाखवलं, मग जमलं. सायकल असेल तर बसच्या पुढच्या रॅकवर लावता येते.