विशेष शिक्षकांनो, कोणती पुस्तकं घ्यायची अन् कोणती सोडायची

बीएड स्पेशल झालं, आरसीआयचा म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर आला, गटसाधन केंद्रात नाहीतर एखाद्या विशेष शाळेत रुजू झालात की थोड्याच दिवसांत कळतं, कॉलेजात पाठ केलेल्या व्याख्या समोरच्या लेकराला कामाला येत नाहीत. मग माणूस पुस्तकं शोधायला लागतो, गुगलवर टाकलं की अमेरिकेतल्या पुस्तकांच्या याद्या येतात, किमती बघूनच मोबाइल खाली ठेवावा वाटतो अन् आत उदाहरण काय तर टोस्टरमध्ये ब्रेड कसा टाकायचा. आपलं लेकरू वसमतच्या नाहीतर गेवराईच्या शिवारातलं, त्याला टोस्टर कशाला पाहिजे? म्हणून हे लिहायलोय. यातलं बहुतेक सगळं फुकट मिळतं, मोबाइलवर उतरवता येतं अन् आपल्याकडच्या शाळेत चालतं.

सुरुवात थिअरीच्या जाड पुस्तकापासून करू नका, चेकलिस्टपासून करा. बौद्धिक अक्षम लेकरांसाठी सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था आहे, १९८४ सालची, आधी तिला एनआयएमएच म्हणायचे, आता एनआयईपीआयडी म्हणतात. त्यांच्या वेबसाइटवर बरीच पुस्तकं फुकट आहेत, अन् नांदेड-परभणीवाल्यांना तर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलं की थेट सिकंदराबाद, एकदा जाऊन त्यांचं साहित्य डोळ्यानं बघून या. तिथली एफएसीपी नावाची, लेकराला काय येतं काय नाही ते बघायची चेकलिस्ट मात्र प्रिंट काढून फाइललाच लावा. तिच्यात पूर्व-प्राथमिकपासून पूर्व-व्यावसायिकपर्यंत लेव्हल आहेत, लेकराला ८० टक्के बाबी जमल्या की पुढच्या लेव्हलला न्यायचं.

तिची खरी गंमत नोंद करण्यात आहे. नुसतं 'येतं' किंवा 'येत नाही' लिहायचं नसतं, खुणावल्यावर करतं का, तोंडानं सांगितल्यावर करतं का, हात धरून करून घ्यावं लागतं का, हे वेगवेगळं लिहायचं, अन् कधी करायलाच मिळालं नसेल तर तेही. आता समजा आठ-नऊ वर्षांची पोरगी आहे, आई म्हणते 'हिला हातानं खाताच येत नाही, मीच भरवते'. तिच्यासमोर ताट ठेवा अन् गुमान बघा. घास हातात दिला तर तोंडात घालते, वरणात बुडवते, अडतं कुठं तर भाकर मोडताना, कारण त्याला दोन हात लागतात अन् घरी आई चुरूनच देते. मग आयईपीत, म्हणजे त्या एका लेकरासाठी केलेल्या शिकवायच्या आराखड्यात, 'स्वावलंबन वाढवणे' असलं गुळगुळीत काही लिहू नका, सरळ 'भाकरीचा तुकडा दोन्ही हातांनी मोडते' एवढंच लिहा. आधी कडक भाकर घ्या, ती कट् करून मोडते, त्या आवाजानं लेकरं खुश होतात. तुम्ही अर्धी मोडून द्या, शेवटचा झटका तिला मारू द्या, मग हळूहळू तुमचा हात काढून घ्या, जमलं की मऊ भाकरीवर या. आईलाही तेवढंच सांगा, चुरून द्यायचं बंद.

याच कामासाठी एमडीपीएस नावाची जुनी चेकलिस्ट पण आहे, चेन्नईची, १८ क्षेत्रं अन् प्रत्येकात २० बाबी म्हणजे ३६० झाल्या. एका बैठकीत भरायला गेलात तर लेकरूही कंटाळतं अन् तुम्हीही, रोज दोन क्षेत्रं करा. मारणं, चावणं, वस्तू फेकणं असं काही असेल तर बेसिक-एमआर नावाच्या वर्तन मोजायच्या चेकलिस्टचा दुसरा भाग बघा. अन् विशेष शाळेत असाल तर मुख्याध्यापकांना विचारा, जय वकील संस्थेनं राज्यातल्या बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळांसाठी तयार केलेला 'दिशा' अभ्यासक्रम शाळेत आलाय का. बऱ्याच ठिकाणी तो कपाटात कुलूपबंद असतो, काढून घ्या.

आता वाचन-लेखनात मागं पडणारी लेकरं. इथं सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं डाली नावाचं डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अक्षमता, तपासायचं साधन बनवलंय, ते मराठीतही आहे, पहिली-दुसरीसाठी वेगळी चाचणी अन् तिसरी ते पाचवीसाठी वेगळी. इंग्रजीतल्या चाचण्या भाषांतर करून वापरण्यापेक्षा हे कधीही बरं, कारण आपल्या जोडाक्षरांचा अन् वेलांटी-उकाराचा गोंधळ इंग्रजी चाचणीत दिसणार कसा. पण डाली हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी विचारा. एक, घरात कोणती भाषा बोलतात? तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, देगलूर-किनवटकडं तेलुगू असते, शहरात उर्दू. त्याला मराठी वाचायला वेळ लागायला लागला म्हणजे डिस्लेक्सिया होत नाही. दोन, आईबाप ऊसतोडीला जातात का? बीड-धाराशिवकडची कितीतरी लेकरं दिवाळीनंतर टोळीसोबत कारखान्यावर जातात अन् पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, गावात दिसतात, त्यांचं अर्धं वर्षच बुडालेलं असतं. त्यांच्या नावापुढं अध्ययन अक्षम असा शिक्का मारला तर पुसायला जन्म जातो. अशा लेकराच्या आईबापाला जायच्या आधी एक पानाचा कागद द्या, चित्रं काढलेला, रोज काय करून घ्यायचं तेवढंच.

तपासणीसाठी एनसीईआरटीचं प्रशस्त ॲप आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांसाठी, पहिला भाग वर्गशिक्षक भरतात अन् पुढचा आपण. गुरुजींना शांतपणे सांगा की यातून फक्त शंका कळते, निदान डॉक्टरच करणार. स्वमग्नतेसाठी आयएसएए म्हणून ४० बाबींची आपल्याच देशातली मोजपट्टी आहे, तिचंही तसंच, मार्क देण्याच्या भानगडीत पडू नका, पण काय काय बघायचं ते कळायला ती वाचाच. बोलत नसलेल्या लेकरांसाठी आयआयटी मुंबईचं जेलो ॲप फुकट आहे, चित्रावर बोट ठेवलं की मराठी आवाजात बोलतं. त्याच्यासोबत स्वतः काढलेले फोटो पण वापरा, त्याचाच डबा, त्याच्याच शाळेचा नळ. बाजारातल्या चार्टवरचा चकचकीत नळ त्याच्या ओळखीचा नसतो.

कर्णबधिर लेकरांसाठी दिल्लीच्या आयएसएलआरटीसी या सांकेतिक भाषेच्या सरकारी केंद्राचा शब्दकोश बघा, दहा हजार शब्दांचे व्हिडिओ आहेत, यूट्यूबवर पण सापडतात. रोज पाच खुणा शिका अन् घरच्यांनाही शिकवा, नाहीतर लेकरू शाळेत एक बोलतं अन् घरी मुकंच राहतं. अंध अन् अल्पदृष्टी असेल तर सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय, फोनवरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक, संगणकाला तेच काम करणारं एनव्हीडीए, तिन्ही फुकट. बालभारतीची पीडीएफ मोठी करून छापली की अल्पदृष्टीवाल्याचं काम भागतं. ब्रेलचं अक्षर सहा ठिपक्यांत बसतं, म्हणून ब्रेलच्या आधी अंड्याच्या ट्रेचा सहा खड्ड्यांचा तुकडा कापून त्यात चिंचोके ठेवायला लावा, किट यायची वाट बघत बसू नका.

सेरेब्रल पाल्सीच्या लेकरांसाठी मात्र एक इंग्रजी पुस्तक घ्याच म्हणतो, डेव्हिड वर्नर यांचं डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन, १९८७ चं. मेक्सिकोतल्या खेडेगावात अपंग माणसांनीच चालवलेल्या केंद्रातून ते आलंय म्हणून त्यात खेडं खरं आहे, ऊन, धूळ, पैसे नसणं, सगळं. हेस्पेरियन या प्रकाशक संस्थेच्या साइटवर ते वाचायला मिळतं, इंग्रजी कच्चं असलं तरी पानोपानी चित्रं आहेत. कोपऱ्यात बसवायची खुर्ची, चालायला आधाराचे दांडे, हे गावचा सुतार चित्र बघून करून देतो. फक्त मापं फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या, चुकीच्या बैठकीनं कंबर अजून वाकडी होती.

गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर या साइटवरून मराठी पुस्तकं उतरवा, सोप्या लेव्हलची, अन् अरविंद गुप्तांच्या साइटवरची खेळणी अन् पुस्तकं बघा. स्वतःसाठी तोत्तोचान, एका जपानी शाळेची गोष्ट, चेतना सरदेशमुख गोसावींचा मराठी अनुवाद आहे, नॅशनल बुक ट्रस्टचा, स्वस्त. त्यातला क्रीडादिनाचा भाग तुमच्या शाळेच्या स्पर्धा ठरायच्या आधी वाचा. हेडमास्तर खेळच असे आखतात की आखूड हातापायांचा ताकाहाशी पहिला येतो अन् बक्षीस म्हणून भाज्या मिळतात. मग आपल्याकडची लिंबू-चमचा शर्यत जरा नव्यानं आखता येईल.

एक कोरडी पण कामाची गोष्ट राहिली. आरसीआयच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना सीआरईचे म्हणजे नोकरीत असताना घेतलेल्या प्रशिक्षणाचे पॉइंट लागतात, म्हणून कार्यशाळा करताना ती आरसीआय मान्यतेची आहे का ते आधी बघा अन् सर्टिफिकेट हातात पडलं की त्याच दिवशी स्वतःला मेल करून ठेवा.